मेश्राम काकांची परी

आमच्या मनीषनगरच्या सोसायटीत मेश्राम काका समोरून येताना दिसले की शहाणी आई आधी पोराच्या हातातली वस्तू काढून स्वतःच्या पिशवीत टाकते. कारण काका पोराला नाव विचारत नाहीत, कितवीत आहेस तेही विचारत नाहीत. ते थेट विचारतात, "का बे पोट्ट्या, आज कोनाले का देल्लं?"

हे गृहस्थ कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि लगोलग त्यागाच्या खात्यात रुजू झाले. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकायची, पोरं गोळा करायची आणि एकच गोष्ट सांगायची. जंगलात थंडीनं कुडकुडणारं एक पोरगं असतं, परीला त्याची दया येते, ती आपल्या पंखांचं एकेक पीस उपटून त्याच्यासाठी रजई शिवते, आणि मग तिला कधीच उडता येत नाही. शेवटी काका गरजतात, "परीले का भेटलं?" पोरांनी ओरडायचं, "काहीच नाही!" एकदा एक भाबडी मुलगी म्हणाली, "देवानं तिला नवे पंख दिले." काका खवळलेच. "भेटलं का धंदा झाला! मंग ते परी कायची, दुकानदार झाली!"

या शिकवणुकीची फळं आम्ही पालक भोगतो. माझे चिरंजीव एकदा शाळेतून अनवाणी आले. "परीनं पंख दिले, मी बूट दिले," हे वर ऐकून घ्यावं लागलं. ज्याला दिले त्याच्या पायात ते बसतसुद्धा नव्हते. आणि स्वतः काका? त्यांची शिडी मागायला मी गेलो, तर दार अर्धंच उघडलं. "शिडी तुले देल्ली अन् माह्या घरचा बल्ब गेला, मंग?" त्याग बहुधा परीनंच करायचा असतो, काकांनी नाही.

ही गोष्ट मनापासून ऐकलेलं एकच माणूस त्यांच्या घरात आहे, त्यांची मुलगी सुजाता. आई लवकर गेली, बापानं याच परीवर तिला वाढवलं. पोरगी हुशार. गेल्या महिन्यात तिला हैदराबादच्या कॉलेजात नोकरी मिळाली, कित्येक वर्षं मनात धरलेली. आणि तिनं ती नाकारायचं ठरवलं. "बाबाले कोन पाहीन?" एवढंच ती माझ्या बायकोला म्हणाली. सोसायटीभर तिचं कौतुक झालं. माझा मात्र संताप झाला. म्हाताऱ्यानं परीच्या नावाखाली स्वतःच्या म्हातारपणाची सोय करून ठेवली, असं मी घरात मोठ्यानं बोललो.

त्यानंतर काका बिघडलेच. डिसेंबरच्या थंडीत नुसत्या बनियनवर फेऱ्या मारू लागले. लिफ्ट सोडून जिन्यानं चढायचे आणि अर्ध्या वाटेत, कठडा कसा बांधलाय ते तपासत असल्यासारखे, त्याला धरून उभे राहायचे. स्वयंपाकही सुरू केला. करपलेल्या वांग्याचा वास सगळ्या बिल्डिंगभर फिरे. "मस्त चालू हाय आपलं!" असं शिंकत शिंकत सांगायचे. म्हातारचळ, असं आम्ही ठरवून टाकलं.

परवा मी चिरंजीवांना ओढून न्यायला पार्किंगमध्ये गेलो. गोष्ट रजईपर्यंत आली होती. तेवढ्यात सुजातानं स्कूटी आणून लावली आणि हेल्मेट डोक्यावरच ठेवून ऐकत थांबली. काकांनी तिला पाहिलं आणि गोष्ट भलतीकडेच वळवली.

"मंग ते पोरगं उठलं. त्यानं रजई उसवली अन् सारे पिसं परीले वापस देल्ले. म्हने, मले नाही वाजत थंडी. तू उडून जाय वं."

पोरं चवताळली. "असं नाहीये आजोबा! रोजची गोष्ट वेगळी आहे!"

"पन त्याले तर थंडी वाजत असन ना?" एकानं विचारलं.

"वाजते ना. लय वाजते. खोटं बोलून राहिलं ते."

"काहून?"

"नाहीतर परी जाईनच नाही. लय जिद्दी हाय ते." काका घुटमळले. "मीच तसं शिकवलं तिले."

"बाबा, घरी चला," सुजाता म्हणाली. तिनं हेल्मेटची काच खाली ओढली.

एक चिमुरडी मात्र रडवेली झाली होती. "मग ते पोरगं मरतं?"

"नाही मरत, बाई. शेजारीपाजारी लोकं राह्यते ना."

"जंगलात कुठले शेजारी?" हा प्रश्न अर्थातच आमच्या चिरंजीवांचा.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात कोणाकडे काही न मागितलेला हा चिक्कू माणूस बनियनवर काकडत माझ्याकडे पाहत होता. मला त्याचा रागही आला आणि दयाही आली.

"असतात," मी म्हणालो, सुजाताला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "भिंतीला भिंत लागून राहतात. हाक मारली की येतात."