आठशे मीटर चिखल, कायम राखणे

साहेब, आरोप सरळ आहे. आष्टूळवाडीच्या एका पोरीनं तुमच्याकडं वीस ट्रॉल्या मुरूम मागितला. तुम्ही तिला बूट दिले. आणि ते बूट खोटे पडू नयेत म्हणून, जिथं माणसाला तिसऱ्या दिवशी पाणी मिळतं तिथं, तुम्ही चिखलाला रोज पाणी पाजलंत. तुमच्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुमची बदली होईल आणि दुसऱ्या कुठल्यातरी गावाला बूट मिळतील.

झालं ते असं.

आष्टूळवाडी माकणीच्या धरणाकडच्या अंगाला आहे. धरण दिसतं, पाणी दिसतं, मिळत नाही. गावापासून म्हसोबाच्या लिंबापर्यंत कच्चा रस्ता, तिथून पुढं फाट्यापर्यंत डांबर. हा कच्चा तुकडा बरोबर आठशे मीटर. बब्रुवानच्या पोरीला, निकिताला, तो देवानंच मोजून दिल्यासारखा होता, कारण पोलीस भरतीत मुलींना पळावं लागतं तेही आठशेच मीटर. मागच्या खेपेला ती अकरा सेकंदांनी हुकली होती. वय बघता ही खेप शेवटची.

पण रान काळं. एक सर पडली की चार पावलांत तळव्याला भाकरीएवढा गोळा, दहा पावलांत पाटीएवढा. बब्रुवान लिंबाखाली मोबाईलवर वेळ लावून बसायचा आणि लांबूनच ओरडायचा, "निके, पळायलीस का रान वडायलीस?"

"आबा, तुमी निस्ती वेळ सांगा."

"घड्याळबी कटाळलंय बाई. पाच मिनटं झाली."

म्हणून निकितानं दरखास्त लिहिली. रस्ता मागितला नाही. तेवढी ती शहाणी होती. फक्त मुरूम मागितला.

कार्यालयात पंचाक्षरी साहेब, म्हणजे तुम्हीच, भेटले. हुद्दा सहायक अधिकारी, पायवाट व तत्सम. साहेब नुकतेच सह्याद्रीत कुठल्याशा डोंगरी शर्यतीत पळून आले होते. पदक टेबलावर, पोपटी बूट पायात.

"मुरूम टाकणं ही जुनी पद्धत झाली, ताई," साहेब कळवळ्यानं म्हणाले. "जगात आता रस्ता आहे तसा ठेवतात आणि माणूस दुरुस्त करतात. लोक पैसे भरून, दोनशे मैल गाडी हाणून चिखलात पळायला येतात. तुम्हाला तर घरबसल्या मिळालाय."

"साहेब, मला घरी बसायचं न्हाई. पळायचंय."

"तेच तर म्हणतोय. ट्रेल रनिंग!"

साहेबांनी अर्जातल्या 'मुरूम' शब्दावर काट मारली, वर 'पादत्राणे' लिहिलं आणि शेरा मारला: अर्जदाराची मागणी तत्त्वतः मान्य.

मग 'ओल्या व चिखलयुक्त भूभागासाठी पादत्राण निवड समिती' स्थापन झाली. सदस्य सात. पैकी एक सदस्य महिला, ज्येष्ठ आणि चिखलग्रस्त असावी असा नियम निघाला, म्हणून गावातून कडूबाईला जीपमधून नेलं. निकिता सोबत गेली. बैठक गालिचा अंथरलेल्या सभागृहात. टेबलावर बुटांचे तीन नमुने: अ, ब आणि क.

आधी चिखल तपासायचा होता. तो गावातून बादलीत मागवला होता, पण जिल्ह्याला पोचेपर्यंत, आवक-जावकला नोंद होईपर्यंत, वाळून टणक ढेकूळ होऊन बसला. समितीनं बोटानं वाजवून बघितला. इतिवृत्तात लिहिलं: सादर नमुना कोरडा आढळल्याने सदर गावी चिखल असल्याचे तूर्त सिद्ध होत नाही, तथापि बूट निवडण्यास हरकत नाही.

कडूबाईनं तिन्ही बूट उताणे केले. आधी 'क' बाजूला सारला. "ह्येचं दात बारीक आन् दाट हायती. ह्येच्यात चिखुल बसला की उठायचा न्हाई. ह्यो 'ब' घ्या. दात मोठं हायती, विरळ हायती, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरावानी. पाऊल उचाललं की झडतंय. आन् वर जाळी हाय. चिखलात पाणी वरनं शिरतंय, त्येला निघाया वाट नगं व्हय?"

"आजी, तुम्ही कोणते बूट वापरता?" अध्यक्षांनी विचारलं.

"म्या? अनवाणी हाय जल्मापासनं."

अध्यक्षांनी लेखनिकाकडं बघितलं. लेखनिकानं लिहिलं: सदस्या पादत्राण-अनुभवशून्य.

'ब' बुटाच्या दातांनी गालिच्याचे धागे निघाले, तो बाद. 'अ'ची जाळी पाहून एक सदस्य म्हणाले, बुटाला भोकं कशी? तोही बाद. राहिला 'क'. तो जलरोधक असल्याचा दावा होता. तपासायला त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि समिती जेवायला गेली. परत आली तेव्हा पाणी जागच्या जागी. एक थेंब बाहेर आला नव्हता. टाळ्या वाजल्या. 'क' एकमतानं मंजूर.

"आगं निके," बाहेर येताना कडूबाई म्हणाली, "ह्येंनी बूट घेतलाय का रांजण?"

ही गोष्ट जुलैची. बूट आले मार्चला. गावातल्या सगळ्या पायांची बेरीज करून सरासरी काढली होती. ती आली सात. त्यामुळं सगळ्यांना सात नंबर. निकिताचा पाय पाच. मंडप पडला, भाषणं झाली, सरपंच महालिंगप्पांनी सत्कार स्वीकारला. बूट घराघरांत आढ्याला टांगले गेले.

खरं सांगायचं तर त्यानंतरचे पंधरा दिवस निकिताच्या आयुष्यातले सोन्याचे होते. रस्ता वाळून खडखडीत झालेला. जुने कॅनव्हासचे बूट घालून ती पळायची. तीन मिनिटं पाच. तीन मिनिटं. दोन अठ्ठावन्न. भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, बावीस एप्रिलला. बब्रुवानचं ओरडणं बंद झालं; तो आता नुसताच आकडा सांगायचा आणि पटक्यानं डोळे पुसायचा, धूळ गेली म्हणून.

तेवढ्यात तपासणी पथक आलं. पथकानं रस्ता बघितला, बूट बघितले आणि आक्षेप काढला: चिखलासाठीचे बूट कोरड्या रस्त्यावर आढळले. चिखल दाखवावा, अन्यथा योजना फसवी समजण्यात येईल.

आता सांगा, सरकारी माणसानं काय करावं? बूट खोटे म्हणावेत? पंचाक्षरी साहेबांनी तीन दिवसांत आदेश काढला. मौजे आष्टूळवाडी येथील चिखल पूर्ववत करून कायम राखणे. खोली चौदा सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी टँकर यायला लागला. पिण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी, हा रोज. नळी सोडून लिंबापासून गावापर्यंत रस्ता भिजवायचा. एक माणूस पट्टी घेऊन मागून चालायचा, जागोजागी खुपसायचा, वहीत लिहायचा. आणि टँकरच्या दोन्ही अंगांनी घागरी घेऊन बायका.

कडूबाईनं नळीखाली घागर लावली. गावातलाच श्रीनाथ टँकरवर ड्रायव्हर होता. तो खाली उतरला.

"कडूआत्या, घागर काढा. ह्ये पाणी चिखलाचं हाय."

"मंग चिखलात पडायच्या आदुगर घागरीत पडू दे की."

"खोली कमी भरती. माझ्यावर गुन्हा लागंल."

"श्रीनाथ, तुझी आय पाणी कुठनं आणती रं?"

श्रीनाथनं नळी खाली चिखलात केली. "ती काय, तुमच्या माघं हुबी हाय," तो म्हणाला, आणि मागं न बघता टँकरमध्ये चढला.

निकिता परत कार्यालयात गेली. "साहेब, बूट परत घ्या. चिखलबी परत घ्या. पंधरा दिवसांवर ग्राउंड हाय माझं."

"लाभार्थ्याला लाभ नाकारण्याची तरतूद नाही," पंचाक्षरी साहेब म्हणाले. "आणि ताई, चिखल तुमच्याच अर्जावर मंजूर झालाय. सही तुमची आहे."

निकितानं बघितलं. सही तिचीच होती. काटलेल्या मुरमाच्या खाली.

बावीस एप्रिल. नऊला ग्राउंडचं फाटक बंद होणार होतं. गावातल्या कुलदीपची भाड्याची जीप सांगून ठेवली होती. सहा वाजता निघायचं, तर टँकर लिंबाखाली आपणच केलेल्या चिखलात आसापर्यंत रुतून आडवा झालेला. इकडं गावाच्या तोंडालाच जीप अडकली, जीपच्या मागं गाव. ट्रॅक्टर आणला, तोही रुतला. सात वाजता निकिता खाली उतरली. कॅनव्हासचे बूट पिशवीत, भरतीत चिखलानं भरलेले चालणार नाहीत म्हणून. पायात सात नंबरचे सरकारी. दहा पावलांत पाणी वरून आत शिरलं आणि आतच राहिलं, समितीनं तपासलं होतं तसं. तिनं बूट काढले, बांधावर भिरकावले आणि अनवाणी पळाली.

जीपपाशी उभ्या बब्रुवाननं सवयीनं घड्याळ लावलं. टँकरला वळसा घालून ती लिंबाला पोचली तेव्हा आकडा होता दोन मिनिटं एकोणपन्नास. एवढी ती कोरड्यातही कधी पळाली नव्हती.

डांबरावरून फाट्याला गेली. साडेसातची एसटी गेलेली. हात करकरून एका टेम्पोत बसली. फाटकाशी पोचली तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

पट्टीवाल्या माणसानं मात्र त्या सकाळचा एक फोटो काढला होता. चिखल उडतोय, वेणी उडतेय, डोळ्यांत जाळ. तो कार्यालयाच्या पानावर लागला: 'योग्य पादत्राणांमुळे स्वप्नांना वेग'. पाय घोट्यापर्यंत चिखलात होते, त्यामुळं बूट आहेत की नाहीत ते दिसत नव्हतं. अठ्ठेचाळीस हजार लोकांनी अंगठा दाबला. पुढच्या जुलैत आष्टूळवाडीत चिखल-शर्यत आहे. नावनोंदणी संपली म्हणतात. मुरुमाचा विषय कायमचा मिटला, कारण चिखल आता जिल्ह्याची ओळख आहे.

निकितानं दुसरी दरखास्त दिलीय. मुरूम नको, बूट नको. एकच ओळ: त्या सकाळी सात वाजता तो टँकर तिथं कुणाच्या हुकमानं होता? पोच मिळाली. उत्तर नाही.

साहेब, उत्तर द्या.

आणि तुम्ही, त्या फोटोखाली 'जिद्दीला सलाम' लिहून चहा प्यायला गेलेले वाचक हो. तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का, की या पोरीच्या पायात काय आहे? व्हय का न्हाय, तेवढंच सांगा.