गाडीचा मुक्काम घोडपदेव

रमाकांत तळवडेकरांच्या मोटारसायकलचा विमा संपून नऊ दिवस झाले होते. ते सांगायला कंपनीतून फोन आला, तेव्हा रमाकांतांना आधी आनंदच झाला. त्या आठवड्यात कुणी आपणहून केलेला तो पहिलाच फोन होता.

"उद्या आमच्या मॅडम येऊन गाडी बघतील, मग नवीन पॉलिसी निघेल," पलीकडचा मुलगा म्हणाला. "पत्ता घोडपदेवचाच ना, काका?"

"हो हो, घोडपदेवच!" रमाकांत बोलून बसले, आणि मग त्यांना घाम फुटला.

कारण घोडपदेवची चाळ सोडून ते करी रोडच्या टॉवरात राहायला आले, त्याला आठ महिने झाले होते. बायको गेली, तशी त्यांची मुलगी रुपाली हटूनच बसली. चाळीतली खोली भाड्याने दिली, बाबांना आपल्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं आणि स्वतः नोकरीला बेंगळुरूला निघून गेली. टॉवरात सगळं होतं, बोलायला माणूस तेवढं नव्हतं. गेटवर कुणी आलं की मोबाइलवर निरोप यायचा: 'डिलिव्हरी आली आहे. आत सोडायचं?' रमाकांत 'होय' दाबायचे. सामान आणणाऱ्या पोराला ते चहा विचारायचे, आणि तो लिफ्टकडे पळत सुटायचा.

मग नवा पत्ता सांगायला काय झालं होतं? तर त्याला बाबुराव कारण. बाबुराव म्हणजे चाळीतला शेजारी, चाळीस वर्षांचा दोस्त आणि सर्व विषयांतला जाणकार. सामान हलवताना त्याने बजावलं होतं, "विम्याला टॉवरचा पत्ता लावू नको हां. हप्ता डबल करतात साले!" इकडे रुपालीचं वेगळंच. "त्या खटाऱ्यावर एक रुपया जरी जास्त गेला ना बाबा, तर गाडी विकायची." आणि ती गाडी विकणं रमाकांतांना शक्यच नव्हतं. तिच्या मागच्या सीटवर बायको बारा वर्षं बसली होती. टॉवरात त्यांच्या ओळखीचं असं तेवढंच एक होतं.

तेव्हा ठरलं. गाडी उद्या घोडपदेवला न्यायची आणि आपण तिथेच राहतो असं दाखवायचं.

पण रमाकांत पडले कायद्याचे माणूस. विमा नसलेली गाडी चालवायची कशी? त्यांनी ती करी रोडपासून घोडपदेवपर्यंत ढकलत नेली. डोक्यावर हेल्मेट घालून. वाटेत चार जणांनी विचारलं, "काका, पेट्रोल संपलं काय?" पाचव्याला त्यांनी हो म्हणून टाकलं.

चाळीच्या अंगणात पोचले तेव्हा त्यांचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला होता. बाबुराव नळापाशी उभा होता. त्याने नुसतं बघितलं.

"काय, आज वाट चुकली वाटतं?"

"बोलावलंय कुणी मला इथे, आठ महिन्यांत?"

"घरी यायला आमंत्रण लागतं काय रे तुला?"

दोघांचाही आवाज चढला. शेवटी रमाकांतांनी विम्याचं सांगितलं, तसा बाबुराव एकदम कामालाच लागला. पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेलेली रमाकांतांच्या नावाची पाटी त्याने पुसून जुन्या दारावर ठोकली. भाडेकरू विनीत बिचारा बघतच राहिला. समोरच्या जाईबाईंनी नवऱ्याचं बनियन रमाकांतांचं म्हणून दांडीवर टाकलं.

अकरा वाजता मॅडम आल्या. सुमेधा नाव, पंचविशीची मुलगी. तिने काही विचारायच्या आत चाळ बोलायला लागली.

"जन्मापासून इथेच राहतो हा!" बाबुराव म्हणाला.

"गाडी रोज रात्री इथेच असते!" विनीतनेही ठोकून दिलं.

जाईबाई चहा घेऊन आल्या. कप रमाकांतांच्या हातात देताना त्यांना राहवेना. "घे रे बाबा. आठ महिने तोंड नाही दाखवलंस मेल्या! किती वाळलायस!"

रमाकांत हेल्मेट काढायचं विसरले होते, त्याचा त्या क्षणी त्यांना फार आधार वाटला.

सुमेधा हसली. "काका, घर बदललंय का? मग सांगायचं ना! गाडी मुंबईची, तुम्हीही मुंबईतच. पत्ता बदलला म्हणून तुमचा हप्ता एक रुपयानेही वाढत नाही."

रमाकांतांनी बाबुरावकडे पाहिलं. बाबुराव दांडीवरच्या बनियनकडे बघत होता.

"पण मुदतीत भरला असता तर ही तपासणीसुद्धा लागली नसती," सुमेधा मोबाइल चाळत म्हणाली. "आमचं पत्र महिन्यापूर्वीच इथे पोचलंय. सही आहे ना घेतल्याची. बाबुराव..."

"बाबुराव!" रमाकांत ओरडले. "पत्र तुझ्याकडे आहे? मला फोन करायचा ना!"

"फोनवर सांगितलं असतं तर फोनवरच भरून मोकळा झाला असतास." बाबुरावने खिशातून पाकीट काढलं. ते इतके दिवस खिशात राहून मऊ पडलं होतं. "म्हटलं, आज ना उद्या पत्र न्यायला तरी येशील. आणि हप्ता डबल... ते पण मीच काढलेलं. पत्ता बदलला असतास तर पत्रं पण तिकडेच गेली असती ना."

रमाकांतांना रागवायचं होतं, पण त्यांनी ते मऊ पाकीट घेऊन नीट आपल्या खिशात ठेवलं. सुमेधाने फोटो काढले, पॉलिसी उद्या निघेल म्हणाली आणि विचारलं, "मग काका, पत्ता नवा टाकू?"

"जुनाच ठेव, बाळ," रमाकांत म्हणाले.

परत जाताना गाडी पुन्हा ढकलायचीच होती. या वेळी मागून बाबुराव ढकलत होता आणि करी रोडपर्यंत रमाकांतांचं कसं चुकतंय ते सांगत होता.

टॉवरच्या गेटवर वॉचमनने बाबुरावला अडवलं, नाव विचारलं, मोबाइलवर काहीतरी दाबलं. शेजारीच उभ्या असलेल्या रमाकांतांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावला. 'पाहुणे आले आहेत: बाबुराव. आत सोडायचं?'

रमाकांत हलेचनात. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

"अरे दाब की मेल्या!" बाबुराव खेकसला.

"थांब रे जरा," रमाकांत म्हणाले. "वाचू दे."