बिनआवाजाचं दार

गल्लीत आपल्याला शटरकाका म्हणतात, हे काकांना कळलं तो दिवस वाईटच होता. ऑफिसातून आले, स्कूटर थांबवली आणि गॅरेजचं शटर वर ढकललं. शटरनं नेहमीसारखा आकांत केला. (पत्र्याच्या डब्यात दगड भरून डबा जिन्यावरून सोडला तर साधारण तसा आवाज येईल.) तेवढ्यात समोर खेळणारी एक पोरगी दुसरीला म्हणाली, "चल गं घरी. शटरकाका आले, म्हणजे सहा वाजले."

काकांच्या मनाला ते फार लागलं. इतकी वर्षं पाणीपट्टी खात्याची रेकॉर्ड रूम सांभाळली, एक फाइल हरवू दिली नाही, मुलीचं लग्न नीट पार पाडलं, आणि माणसाची ओळख काय, तर शटर!

चहा गाळता गाळता त्यांनी ठरवून टाकलं. गॅरेजला बाजूनं एक दार पाडायचं. मागच्या बोळात उघडणारं, स्कूटर जाईल एवढं रुंद आणि अगदी मुकं. काकू घरी असत्या तर हा बेत चहाबरोबरच गाळला गेला असता. पण काकू मुलीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे गेल्या होत्या. बाळ झालं, बाळ बसायला लागलं, आता 'रांगेपर्यंत थांबते' म्हणत होत्या. जाताना सवयीनं पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकून गेल्या, तेव्हापासून काकांचं येणं-जाणं गॅरेजमधूनच चाललं होतं. घरात सोबतीला फ्रिज. तो दिवसभर घरघर करायचा, पण समोरच्याचं काही ऐकून घ्यायचा नाही.

शटर वाजलं की रोज दोन प्रश्न यायचे. समोरचे निवृत्त मास्तर पायरीवरून ओरडायचे, "आलात का?" आणि शेजारच्या टेलरबाई मशीनवरून मान न उचलता विचारायच्या, "काकू कधी येतायत?" दोघांनाही काकांचं उत्तर एकच: "हं." आलोय हे दिसतंय, मग विचारायचं कशाला? असल्या चौकश्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

गवंडी आला. भिंतीवर थापट्या मारून म्हणाला, "वर लिंटेल टाकावं लागेल. नाहीतर एक दिवस दार उघडाल आणि भिंत डोक्यावर घ्याल."

"टाका. पण आवाज नको."

सुतार आला. "दार आत उघडायचं का बाहेर?"

"आवाज न करता उघडायचं."

"ते झालं हो. पण कुठल्या बाजूला?"

"ज्या बाजूला आवाज होणार नाही त्या."

सुतारानं गवंड्याकडे पाहिलं. गवंडी भिंतीकडे पाहत होता.

भिंत फोडायला सुरुवात झाली तशा टेलरबाई खिडकीतून ओरडल्या, "काका, ठोकाठोक कसली? घर दुरुस्त करून भाड्यानं देताय की काय?"

"हं," म्हणून काका आत गेले.

दार मात्र झकास झालं. बिजागऱ्या तेलात न्हालेल्या, चौकटीला रबराची पट्टी, वर आकाशी रंग. पहिल्या संध्याकाळी काका बोळातून आले, स्कूटर आत घेतली, दार लावलं. कोणाला पत्ता लागला नाही. कोणी काही विचारलं नाही. काका स्वतःशीच हसले. दुसऱ्या संध्याकाळीही कोणी काही विचारलं नाही, तेव्हा जरा कमी हसले.

मग पेपर यायचा बंद झाला. शटरसमोर कोणाची तरी पांढरी गाडी मुक्कामाला येऊ लागली. गाडी नसेल तेव्हा मुलांनी शटरचे स्टंप केले आणि चेंडू धाडधाड आदळू लागला. काकांनी या सगळ्याबद्दल तक्रार करायला हवी होती. त्याऐवजी ते ताट घेऊन गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यावर बसून जेवू लागले. पुढच्या खोलीत दिवा लागेनासा झाला. पत्र्याला पाठ टेकली की बाहेरची गल्ली जवळ वाटायची. कोण बाद, कोण चिडलं, कोणाच्या आईनं हाक मारली, सगळं ऐकू यायचं.

एकदा टेलरबाईंचा आवाज आला. "गेले बघा काका मुलीकडे. घर भाड्यानं देणार म्हणाले होते."

"सांगून तरी जायचं," मास्तर म्हणाले.

काकांचा घास हातातच राहिला. "मी आहे!" असं ओरडावंसं वाटलं. पण जो माणूस जन्मात 'हं'च्या पुढे गेला नाही, त्यानं पत्र्याआडून एकदम काय ओरडायचं? शिवाय मनात एक हट्टही होता. बघू, कोणी दार वाजवून खात्री करतं का. कोणी केली नाही. (इथे मला काकांचा आणि गल्लीचा सारखाच राग येतो. मध्ये जेमतेम एक पत्रा होता!)

मग काकांना ताप आला. काकूंचा फोन आला तेव्हा "बरे आहात ना?" ला ते "हं" म्हणाले आणि पांघरूण ओढून पडून राहिले. एका दुपारी पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं, की आपण इथे आहोत हे या गल्लीत फक्त फ्रिजला ठाऊक आहे.

अंगात त्राण आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ते उठले. आज शटर उघडायचं. आज कोणीतरी 'आलात का' विचारलंच पाहिजे.

शटर हलेना. चेंडू खाऊन खाऊन त्याच्या पट्ट्या वाकल्या होत्या. काकांनी हातोडा घेतला आणि आतून दणादण ठोकायला सुरुवात केली.

गल्ली गोळा झाली.

"कोण आहे रे आत?" टेलरबाई गरजल्या.

"मी!"

"मी कोण?"

काका अडखळले. "घरमालक!"

"मालक गेलेत मुलीकडे! त्यांचा आवाज आम्हाला ओळखू येत नाही होय?"

"कसा आहे हो त्यांचा आवाज?" गर्दीतल्या कोणीतरी विचारलं. त्यावर कोणालाच काही सांगता येईना.

तेवढ्यात मुली बोळातून धावत आल्या. "बाई, चोरानं भिंत फोडलीय!"

"फोडली नाही गं, दार बसवलंय. चौकटीसकट. रंगसुद्धा दिलाय!"

"हल्ली चोरसुद्धा काय तयारीनं येतात," टेलरबाई म्हणाल्या आणि स्वतः जाऊन दाराला बाहेरून कडी घालून आल्या. दार इतकं सुरेख बसलं होतं, की कडी लागल्याचं काकांना कळलंही नाही. ते दाराशी गेले, ढकललं, पुन्हा ढकललं, आणि मग डब्यावर बसून राहिले.

टेलरबाईंनी काकूंना फोन लावला. "काकू, तुमच्या गॅरेजात चोर शिरलाय. काका तिकडे आहेत ना?"

"इकडे? ते घरीच आहेत की!"

"आतला माणूसही तेच म्हणतोय. पण ओळखायचं कसं?"

"फोन शटरला लावा," काकू म्हणाल्या. "अहो, जेवलात का?"

"हं," आतून आवाज आला.

"तेच आहेत. उघडा."

सगळी गल्ली त्या मुक्या दारातून आत आली. दाराचं कौतुक झालं, उघडून मिटून झालं. फोन चालूच होता. "दार? कसलं दार?" काकू विचारत होत्या.

"काका म्हणतात, शटरचा आवाज होतो म्हणून पाडून घेतलंय," टेलरबाई म्हणाल्या.

"अहो, मग शटरला ग्रीस नव्हतं का लावता येत?"

गल्ली पोट धरून हसली. काकाही हसले. मग ते कधी नव्हे ते म्हणाले, "बसा ना सगळे. चहा टाकतो."

पण कोणाची भाजी गॅसवर होती, कोणाचं पोर अभ्यासाला बसायचं होतं. टेलरबाईंना एक ब्लाउज द्यायचा होता. "येऊ हं परत," म्हणत सगळे पांगले. फक्त मास्तर राहिले, काठी टेकून डब्यावर बसलेले.

आणि काका बोलू लागले. पोरीनं ठेवलेलं नाव, दार, पत्र्याशी बसून जेवणं, ताप, आपण आहोत हे कोणालाच माहीत नसण्याची ती दुपार, सगळं. इतकं ते काकूंशीही कधी बोलले नव्हते. मास्तर मान डोलावत होते. मधेच त्यांनी काकांचा हात थोपटला. सगळं सांगून काका थांबले.

मास्तरांनी खिशातून एक छोटं यंत्र काढून कानात बसवलं.

"तुमचा हातोडा सुरू झाला तेव्हा काढून ठेवलं होतं, डोकं उठलं माझं," ते म्हणाले. "खरं सांगू? यंत्राशिवाय मला या रस्त्यावरचं तुमचं शटर तेवढं ऐकू यायचं. ते बंद झालं तर वाटलं, उरलेसुरले कानही गेले. डॉक्टरकडे जाऊन आलो." मग ते पुढे वाकले. "हां, आता बोला. काय म्हणत होतात? पण जरा थोडक्यात. बॅटरी संपत आलीय."