दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे

नाव: संघदीप उकंडराव अंभोरे, मु. किन्हीराजा

“पण घालू काय मी?”

संघदीप पलंगावर उभा राहून विचारत होता, कारण खाली त्याचे सगळे शर्ट अंथरलेले होते. सगळे म्हणजे दोन. एक खताच्या कंपनीनं फुकट वाटलेला, पाठीवर ‘मुळापासून वाढ’ असं लिहिलेला. दुसरा कालपर्यंत पांढरा होता. धाकट्या बहिणीनं, पौर्णिमानं, त्याला नीळ दिली होती.

“पांढऱ्याले नीळ देतेत,” पौर्णिमा म्हणाली. “किती देतेत हे मले कोणी सांगतलं काय?”

उद्या अकरा वाजता मालेगावात दौलतसिंग शेठच्या बियाण्यांच्या गोदामात मुलाखत होती. जागा एकच. तीन वर्षांत संघदीपला आलेलं हे पहिलंच बोलावणं. फोनवरच्या माणसानं बजावलं होतं, कपडे नीटनेटके पाहिजेत.

शिक्षण: बी.ए. (याचा कथेशी संबंध नाही. त्याच्या नोकरीशीही अजून आलेला नव्हता.)

लिलाबाईनं पेटी उघडली. तळातून एक शर्टपीस निघाला. गाजरी रंग, त्यावर पांढरी चौकट.

“हे शीव.”

“माय, हे आहेरातलं आहे!”

आता आहेराचं कापड कोणी शिवतं का? ते लग्नात मिळतं आणि पुढच्या लग्नात द्यायचं असतं. फक्त ज्यानं दिलं त्यालाच चुकून परत जाऊ नये, म्हणून घेणारा कापडाच्या किनारीवर देणाऱ्याचं नाव पेनानं लिहून ठेवतो. पुढचा त्याच्याखाली लिहितो. या गाजरी कापडाच्या किनारीवर नऊ नावं होती. वडलांच्या, उकंडरावांच्या, ओळखीतली नऊच्या नऊ घरं! त्यामुळे हे कापड द्यायला तालुक्यात माणूसच उरला नव्हता.

“म्हून म्हणतो शीव,” लिलाबाई म्हणाली. “हे आता कुठंच जात नाही.”

अनुभव: (या रकान्यात त्यानं काही लिहिलं नाही. पुढे आलेला लिहायला हवा होता.)

शिंपी इंद्रभाननं टेप लावला, कापड मोजलं आणि सुस्कारा सोडला.

“पोरगा लांब, कापड आखूड. किनार कापली त बाह्या कोपरावर येतीन.”

“किनारीवर नावं हायेत न पण,” संघदीप म्हणाला.

“कफाच्या आतून घेतो. उजवीकडं पाच, डावीकडं चार. कोणाच्या बापाले दिसत नाही. फक्त बाह्या वर करू नको.”

“अन् गरम झालं त?”

“गरम होऊ देऊ नको.”

एप्रिल महिना होता.

बसमध्ये संघदीप उन्हाच्या बाजूला बसला होता. शेजारची म्हातारी त्याची दया येऊन पदरानं त्याला वारा घालत होती. “बाह्या त वर कर, बापा,” ती तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच कफाला हात घातला. संघदीप उठला आणि मालेगावपर्यंत उभा राहिला.

दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावे, ज्या आपणास ओळखतात:

गोदामात हा फॉर्म भरायचा होता. संघदीपनं बराच वेळ पेन चावलं. त्याला ओळखणारे पुष्कळ होते, पण प्रतिष्ठित म्हटलं की एकेक गळायला लागला. शेवटी रकाना कोराच राहिला. शेजारी रविकांत नावाचा उमेदवार कोट घालून आला होता. त्यानं दोनाच्या जागी सात नावं लिहिली आणि वरून पुरवणी मागितली.

दौलतसिंग शेठ बाहेर आले. पांढरी मिशी, हातात दोन्ही फॉर्म.

“बोलणं सगळ्यांचंच चांगलं असते. हे पोतं त्या थप्पीवर ठेवून दाखवा.”

रविकांत वाकला. कोट पाठीवर मधोमध उसवला. रविकांत तसाच, पाठ भिंतीकडे ठेवून, आडवा आडवा बाहेर गेला.

संघदीपनं पोतं उचललं, थप्पीवर ठेवलं आणि कफ धुळीनं भरले.

“बाह्या वर कर न, मळून राह्यल्या.”

“राहू द्या शेठ.”

“अरे, दिवसभर असंच काम करशीन काय? कर वर!”

संघदीपनं डोळे मिटले आणि उजवी बाही दुमडली.

शेठनी चष्मा लावला. “सोमला नाईक. रुपाबाई... काहून रे, फॉर्म कोरा अन् बाहीवर पाच जणं? दुसरी दाखव.”

डाव्या बाहीवर चार नावं होती. सगळ्यात वरचं, सगळ्यात जुनं, शाई इतकी पुसट झालेलं की घरी ते कोणी लावून पाहिलंच नव्हतं. शेठनी ते मनात वाचलं, मग मोठ्यानं.

“दौलतसिंग. मालेगाव.”

त्यांनी बाही उजेडाकडे ओढली.

“हे मी या खालच्या धरमसिंगच्या लग्नात देल्लं होतं,” शेठ सावकाश म्हणाले. “बारा वर्सं झाली. निवडून आणलं होतं, सोता. मले वाटे, घालत असन.” त्यांनी पुन्हा दोन्ही बाह्या वाचल्या. “नऊ घरं फिरलं. अन् कोणीच शिवलं नाही?”

त्यांचा आवाज असा झाला की संघदीपला नोकरी गेल्याचं स्वच्छ दिसलं. जाता जाता खरं बोलावं म्हणून तो म्हणाला,

“मी शिवलं न, शेठ.”

शेठ त्याच्याकडे पाहत राहिले. गाजरी रंगाकडे, पांढऱ्या चौकटीकडे, पुन्हा त्याच्याकडे.

“खुलून दिसते तुले,” ते म्हणाले. “सोमवारपासून ये.”

तो निघाला तेव्हा शेठनी कपाटातून एक पुडकं काढून त्याच्या हातात ठेवलं. “घे. हेही शीव. लोकांसारखं पेटीत नको ठेवू.”

शेरा:

घरी पेढे वाटून झाल्यावर पुडकं उघडलं. आकाशी शर्टपीस, अगदी कोरा. लिलाबाईनं सवयीनं किनार उलटली. पाच नावं होती. तिनं किनार नवऱ्यापुढे धरली.

उकंडराव जवळ आले. पहिलं नाव वाचलं. उकंडराव अंभोरे, किन्हीराजा.

“हे त मी सोमलाच्या पोरीच्या लग्नात देल्लं होतं!” त्यांनी कापड बोटांनी चाचपलं. “कारंज्याहून आणलं होतं. म्हणजे शेठनंही नाही शिवलं?”

“आता मी शिवतो न, बाबा,” संघदीप म्हणाला.

“शिवतो कायचा!” लिलाबाईनं कापड ओढून घेतलं. “याच्यावर पाचच नावं हायेत. अजून चार घरं बाकी हायेत.”

तिनं पौर्णिमाकडून पेन घेतलं, पाचव्या नावाखाली ‘दौलतसिंग’ लिहिलं आणि कापड पेटीच्या तळाशी ठेवून कडी लावली.

संघदीप पुन्हा पलंगावर उभा राहिला.

“पण मंगळवारी घालू काय मी?”