जंगलातून आलेले गुडघे

चष्म्याच्या दुकानात लोकांना लांबचं दाखवणारा धाकटा सुट्टीत जंगलात पक्षी बघायला गेला. पक्षी त्याला दिसले नाहीत. डासांना मात्र तो व्यवस्थित दिसला. घरी आला तो तापाने फणफणलेला, सगळे सांधे सुजलेले.

डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, "चिकुनगुनिया. सांधे महिनाभर रडवतील. आणि ताप आहे तोवर मच्छरदाणीत राहा. तुम्हाला चावलेला डास आईंना चावला, की त्यांचाही नंबर."

सुजलेले पाय चपलेत मावेनात म्हणून त्याने माळ्यावरून बाबांच्या ढगळ सपाता काढल्या. सपातांत पाय घसरायला लागले म्हणून बाबांची काठी. बोटं मिटेनात, बटणं लागेनात, म्हणून बाबांचा डोक्यातून घालायचा स्वेटर. आणि हात टेकून उठता येईल अशी खुर्ची घरात एकच होती. तीही बाबांचीच.

बाबा गेल्यापासून आई कोणावर ओरडली नव्हती. भाजी करपली तरी "असू दे", नळ रात्रभर वाहिला तरी "असू दे". त्या "असू दे"ला कंटाळूनच धाकटा जंगलात पळायचा. तिथे निदान किडे तरी बोलायचे.

त्या सकाळी तो कण्हत, भिंत धरत खोलीबाहेर आला. आईच्या हातातला चमचा थांबला.

"पाय घासत चालू नका," ती म्हणाली. "फरशी झिजते."

मग भानावर येऊन तिने "नकोस" केलं. पण तोंड सुटलं ते सुटलंच. दुपारपर्यंत त्याचं कण्हणं, अर्धवट सोडलेला चहा, आंघोळीला लागणारा वेळ, सगळ्यांचा उद्धार झाला. मच्छरदाणीच्या आत खुर्चीत धाकटा, बाहेर रॅकेट घेऊन आई. शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या, खुर्चीकडे बघून मटकन खाली बसल्या; त्यांनाही आईने झापलं.

बहिणीचा फोन आला. "मागे आवाज कसला रे? आई ओरडतेय?"

"हो."

"फोन ठेवू नकोस. ऐकू दे जरा."

महिन्याभरात सांधे मोकळे झाले. धाकट्याने दार लावून उठाबशा काढल्या, खात्री पटली, आणि तो घाबरला. आई परत गप्प झाली तर? त्याने काठी उचलली, कंबर वाकवली आणि कण्हत बाहेर आला.

बरेच दिवस ते खपलं. मग एकदा मटार सोलताना, मान वर न करता आई म्हणाली, "तुझे बाबा डाव्या पायाने लंगडायचे. तू उजव्याने लंगडतोयस."

धाकटा जागीच थबकला. "तुला कधी कळलं?"

"उठाबशा काढल्यास तेव्हाच. दाराची कडी खडखडत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतेच आहे की इतके दिवस," आई म्हणाली. "ऐकतं कोण? तेही असेच होते."

धाकट्याने मुकाट्याने पाय बदलला.