पाऊण इंची नळ

आमच्या आर्णीत नळ दिवसाआड येतो, पण शेजारचे राठोडकाका मीटर मात्र रोज बघतात. सकाळी सहा वाजता अंगणातल्या खड्ड्यावरची फरशी सरकवायची, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा, उकिडवं बसायचं आणि आत डोकं घालायचं. नळ आलेला नसेल त्या दिवशी आकडा कालचाच असतो. तरी काका तो मोठ्याने वाचतात आणि समाधानाने फरशी पुन्हा लावतात.

मी एकदा विचारलं, "काका, न आलेल्या पाण्याचं काय बघता?"

"आलं नाई तं चढलं बी नाई ना, हे पाहून राह्यलो," काका म्हणाले. "काटा रिकामा असतानीच पाहा लागते, बाई. भरल्यावर कोनीबी पाह्यते."

काका तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर होते. गाडी काट्यावर चढली की काका वजन सांगायचे आणि त्यावर ना शेतकरी वाद घालायचा ना मालक. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. बाजारात काका लांबून दिसले की भाजीवाल्या आधी आपला तराजू पुसून घेतात. मी स्वतः शाळेत शिकवते आणि घरी याद्या करते. किराण्याची, बिलांची, कोणत्या तारखेला काय भरायचं त्याची. त्यामुळे गल्लीत ज्यांचं काकांशी पटतं अशांत माझा नंबर वरचा आहे.

काकांची अडचण त्यांच्या नळाच्या जाडीत आहे. तो पाऊण इंची आहे. घेतला तेव्हा घरात आठ माणसं होती: काका, काकू, तीन मुली, म्हातारे आईवडील आणि शिकायला ठेवलेला एक भाचा. आता काकू नाहीत, आईवडील नाहीत, भाचा नोकरीला लागला आणि मुली दिग्रस, पुसद, दारव्ह्याला आपापल्या घरी आहेत. नळ मात्र तेवढाच जाड आहे, आणि जाड नळाला बिलही जाड. पाणी वापरा न वापरा, महिन्याला दहा युनिटचे पैसे भरावेच लागतात. काका एकटे घासूनपुसून अंघोळ करतात तरी तीन युनिटच्या वर जात नाहीत.

दुसरा कोणी असता तर कुरकुरत पैसे भरून मोकळा झाला असता. काकांचा नियम काट्यावरचा आहे. "मोजलं तेवढं उचलाचं," असं ते म्हणतात. ज्याचे पैसे दिले तो माल तिथेच सोडून जाणं त्यांना पटत नाही.

रीडिंग घेणारा पाच तारखेला येतो. त्यामुळे महिना संपत आला की काका गल्लीत उभे राहतात.

"चार युनिट राह्यले," ते जाहीर करतात. "कोनाच्या चादरी हायेत? गोधड्या?"

उन्हाळ्यात ते पाइप ओढत घरोघरचे कूलर भरतात. कोणाकडे लग्न असलं की मोठमोठे गंज, पातेली घासायला त्यांच्या अंगणात येतात. समोरच्या वनिताने एकदा गोधडी नुकतीच धुतली असं सांगितलं, तर म्हणाले, "नुकतीच म्हंजे कवा? दाखव बरं." तिने दाखवली. काकांनी हुंगली आणि धुवायला घेऊन यायला सांगितली.

मी एकदा व्यवहारी सल्ला दिला. "काका, एवढंच असेल तर नळ येईल त्या दिवशी तो तसाच वाहू द्या. युनिट आपोआप भरतील."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काट्याखाली दगड ठेवायला सांगितला होता. "सांडलेला कापूस कोनी मोजते का? सांडलं ते वापरलं होत नाई." आणि वनिताला पिळताना बादली कलंडली म्हणून त्यांनी दहा मिनिटं सुनावलं.

धुणाऱ्याला काकांचा चहा असतो. आधी नाही, मधे नाही, सगळं वाळत घातल्यावर. पुसदच्या मुलीचा फोन त्याच वेळी येतो. काका तिच्याशी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत बोलतात. मला त्यातला फक्त 'युनिट' हा शब्द कळतो, पण तो बराच वेळा येतो.

एका संध्याकाळी मी सहज हिशेब मांडला. दूध, साखर, पत्ती आणि गॅस. जेवढ्याचं पाणी वाया जाऊ नये म्हणून काका झटत होते, त्याच्या दुप्पट पैसे चहावर जात होते. हे मला बघवेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पाण्याच्या ऑफिसात गेले, चौकशी केली आणि अर्ज भरून आणला. पाऊण इंचीचा अर्धा इंची नळ करून मिळतो. मग फक्त तीन युनिटचे पैसे लागतात.

"तेवढं तर तुमचं एकट्याचं होतंच," मी काकांना म्हणाले. "आता कोणाच्या मागे लागायची गरज नाही. इथे फक्त सही करा."

काकांनी अर्ज दोनदा वाचला. "बरोबर हाये," म्हणाले. "ठेवून जाय."

आठ दिवसांनी मी विचारलं तेव्हा अर्ज टेबलावर तसाच होता, वर पेपरवेट. सहीची जागा कोरी.

"काहून नाही केली सही?" मीही त्यांच्यासारखंच विचारलं.

काकांनी अंगणातल्या वाळवणाच्या दोरीकडे बघितलं. त्या दिवशी दोरी रिकामी होती.

"पाऊण इंचीच राहू दे, बाई," ते म्हणाले. "अर्धा इंची केला तं लोकाइले काय सांगून बोलावू? चहा प्याले या म्हटलं तं कोनी येत नाई. म्हन्तेत, काम हाये. चादर धुवाची असली तं येतेत. वाळेपरेंत बसतेत."

मी अर्ज उचलून पर्समध्ये ठेवला.

"काका, शाळेच्या सतरंज्या आहेत. फार मळल्यात." त्या गेल्याच महिन्यात धुतल्या होत्या.

"किती हायेत?"

"चाळीस."

काकांनी डोळे मिटून हिशेब केला.

"एका दिवसात नाई व्हाच्या," ते म्हणाले. "तीन येळा तरी या लागन तुले."