धोंडबाकाकांची पाहुणी

कमरेला कोयता, मुठीत चिमूटभर पिवळट पूड. डोंगरावरच्या मोहाच्या झाडावर चढायचं, ती पूड सालीला चोळायची आणि एक काडीही न तोडता खाली उतरायचं. आमचे शेजारी धोंडबाकाका दर वर्षी पावसाच्या तोंडी हा उद्योग करत. "धोंडबा झाडाला तपकीर ओढाया शिकवून राहिला," असं गाव म्हणे. शाळामास्तर म्हणून मी हसू आवरायचो, पण फार वेळ नाही.

एके काळी हाच माणूस पंचक्रोशीतला नावाजलेला बांडगूळ कापणारा. आंब्या-मोहाचा रस पिणारं बांडगूळ दिसलं, की काकांना बोलावणं यायचं. गावामागच्या डोंगरावरचे सगळे मोह त्यांनी एकट्यानं साफ केले. त्यांची बायको रखमाकाकू मात्र त्या कापलेल्या ढिगातून एक जुडगा उचलून घरी घेऊन आली आणि लुगड्याच्या चिंधीनं तिनं तो गोठ्याच्या मेढीला, छप्पर पेलणाऱ्या लाकडी खांबाला, बांधला.

"हे बांडगूळ न्हाई. ह्याची मुळं सालीत शिरत न्हाईत," ती म्हणायची.

"म्या काय काल पयल्यांदा झाडावर चढलो?" काका खेकसायचे.

काकू गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या वाळक्या मेढीवर पिवळट तपकिरी, जांभळ्या ओठाची फुलं आली आणि गोठ्यात शेणाच्या वासालाही हटवणारा सुगंध सुटला. काका मेढीपुढे बसूनच राहिले. वाळकं लाकूड कोणाला रस पाजणार? बाई बराबर बोलत होती. मग ते डोंगरभर हिंडले, पण तसलं झाड एकही उरलं नव्हतं. सगळी त्यांच्याच कोयत्यानं गेली होती.

पुस्तकात हिला आमरी म्हणतात, इंग्रजीत ऑर्किड, असं मी सांगितलं. "आसंल. माझ्या घरी ती पाव्हणी हाय," काका म्हणाले. बांडगूळ चोर, ही पाव्हणी. चोर घरात शिरतो, पाव्हणी नुसती टेकते. तिच्या शेंगेतली पूड म्हणजे बी. ते डोंगरावर परत रुजवायचं वेड तेव्हापासूनचं. वर्षं गेली, पान काही उगवलं नाही.

निजामी राज्याच्या अखेरच्या धामधुमीत आम्ही गाव सोडून वऱ्हाडाकडे निघालो. लोकांनी पीठ, भांडी, कोंबड्या घेतल्या. काकांनी मेढ उपटली आणि खांद्यावर टाकली.

"काका, नुसतं झाड सोडून घ्या की! लाकूड कशाला वाहता?"

"गाठ तिनं मारलेली हाय, मास्तर. म्या कशी सोडू?"

पुढे ती मेढ आम्ही आळीपाळीनं वाहिली. माझा खांदा सोलवटला, पण तक्रार करायला तोंडच नव्हतं.

परत आलो, तेव्हा काकांच्या गोठ्याला छप्पर उरलं नव्हतं. त्यांनी आधी मेढ रोवली आणि मला घेऊन डोंगर गाठला. चौथ्या मोहावर चढले ते उतरेचनात. शेवटी त्यांनी मलाही वर ओढलं. फांदीच्या बेचक्यात नखाएवढी दोन हिरवी पानं होती. काकांनी बोटानं मूळ चाचपलं. नुसतं टेकलेलं होतं. जरा वर अशीच आणखी तीन रोपं होती.

"आल्या गं," ते म्हणाले, पण मला नव्हे. माझे डोळे भरून आले आणि झाडावर असल्यानं पुसताही येईनात.

"आता ती गाठ कुजली तर कुजू दे," उतरताना काका म्हणाले.

घरी येताच त्यांनी तांब्या भरून घेतला आणि मेढीवर पाणी शिंपडलं. गाठ तेवढी हातानं झाकून धरली होती.